पलटणीतून घरी आलेला माणूस

मैत्रिणींनो, आमच्या सातारा जिल्ह्यात कुठल्याही गावात जा, चार-दोन घरं सोडून एखाद्या घराच्या भिंतीवर वर्दीतला फोटो दिसतोच. अपशिंगे गावाला तर सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले होते. अशा मुलखात फौजीची बायको म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. तरीसुद्धा तिची आपल्याला दोनच चित्रं ठाऊक असतात. एक, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीसमोर उभी असलेली वीरपत्नी. आणि दुसरं, पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात नवऱ्याच्या शेजारी बसून शाल-नारळ घेणारी.

या दोन चित्रांच्या मधे असंख्य बायका आहेत. त्यांचे नवरे लढाईवरून धडधाकट परत आले. हात-पाय शाबूत, पेन्शन चालू, कँटीनचं कार्ड हातात. त्यांना आपण काय म्हणतो? ‘नशीबवान गं बाई तू!’ झालं, विषय संपला. पुढचं त्या बाईनं कुणाला सांगायचं? हळदीकुंकवाला बसल्यावर ‘माणूस परत आला, पण माझ्याजवळ काही आला नाही,’ असं म्हणायची सोय आहे का?

आज त्याच बायकांविषयी लिहायचं आहे. त्यातलं जवळून पाहिलेलं घर माझ्या थोरल्या बहिणीचं. आक्काला आणि दाजींना, दोघांनाही विचारूनच लिहिते आहे. दाजी एवढंच म्हणाले, ‘‘लिही, पण पलटणीचं नाव घालू नको. बाकीच्यांची घरं आहेत.’’

आक्काचं लग्न १९८६ च्या मे महिन्यात झालं. दाजी तेव्हा बावीस वर्षांचे. रजेवर आले की घरभर हसणं. सासूबाईंसमोर बायकोला हाक मारायची चोरी, म्हणून विहिरीवर जाताना शीळ घालायचे. पलटणीतून निळं अंतर्देशीय पत्र यायचं, त्याच्या घडीवरसुद्धा बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असायचं. आक्का ते मला वाचू द्यायची नाही, म्हणजे काय ते समजा!

१९८७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पलटण श्रीलंकेत गेली. पुढच्या उन्हाळ्यात ते रजेवर आले ते वेगळेच. कमी बोलायचे. पाहुणे आले की मागल्या दारानं मळ्यात जायचे. मग पत्रं आखडली. ‘मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावे’ एवढ्यावर आली. १९८९ च्या फेब्रुवारीत मुलगी झाली. दाजी मे महिन्यात आले. आक्कानं माजघरात तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती, तुमच्या-आमच्या घरात बांधतात तशीच. पोर त्यात झोपलेली. दाजी उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थबकले. मग म्हणाले, ‘‘हे काढ.’’ आक्काला वाटलं, गाठ सैल झाली असेल. ती म्हणाली, ‘‘आत्ताच झोपलीय हो, बघा तरी.’’ ते ओरडले, ‘‘काढ म्हणतो ना!’’ आणि बाहेर निघून गेले. त्या रजेत त्यांनी मुलीला एकदाही उचललं नाही.

आता घरानं याचा अर्थ काय लावला असेल? तुम्ही ओळखलंच असेल. मुलगी झाली म्हणून रुसला! सासूबाई म्हणाल्या, भावकी म्हणाली, हळूहळू आक्काही तेच मानायला लागली. मुलगी मोठी झाली तीही हेच ऐकत.

दाजींनी आक्कावर कधी हात टाकला नाही, हे मुद्दाम सांगते. पगार पै न् पै घरी. पण रात्री पाठ करून झोपायचे. पुढं पुढं ‘उकडतंय’ म्हणून अंगणातल्या बाजेवर, आणि मग थंडीतसुद्धा तिथंच. आक्का अंगावर नवं लुगडं घालून समोर आली तर नजर चुकवायचे. तिनं पाय दाबायला घेतले तर पाय ओढून घ्यायचे. आक्का मला पुष्कळ वर्षांनी म्हणाली, ‘‘अगं, रागावला असता तर समजलं असतं. मी काही चांगलं करायला गेले की हा माणूस आणखी लांब जायचा. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.’’ तेव्हा ती तीसच्या आतबाहेर होती. सोळा सोमवार झाले, देवऋषी झाला. शेजारणीनं ‘तिकडं दुसरी कुणी असंल’ म्हणून सांगितलं, तेही मनात घोळवून झालं. पेन्शनवर आल्यावर संध्याकाळी कँटीनची रम सुरू झाली. आणि दर दिवाळीत काहीतरी बिनसायचंच. एका पाडव्याला ओवाळायला आलेल्या आक्काच्या हातातलं ताट त्यांनी भिरकावलं होतं.

त्या दिवाळीचं कारण समजायला श्रीलंकेत काय झालं ते थोडं सांगायला हवं. आपल्याकडं कारगिल सगळ्यांना पाठ आहे, पण ही लढाई विसरल्यात जमा आहे.

२९ जुलै १९८७ रोजी भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि लगेच आपली शांतिसेना तिकडं उतरली. काम काय, तर तिथल्या तामिळ लोकांना संरक्षण द्यायचं आणि बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायची. जाफन्यात लोकांनी जवानांना हार घातले. पण दोन-अडीच महिन्यांत सगळं फिरलं. १० ऑक्टोबरला ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं आणि ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांच्याच गल्ल्यांमधून लढायची वेळ आली. लिट्टेचे लोक लुंगी-शर्टात, गळ्यात सायनाईडची कुपी. त्यांच्यात कोवळी पोरं होती, मुली होत्या. समोरचा शेतकरी की लढणारा, हे ओळखायला अर्धा क्षण. २१ आणि २२ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या दवाखान्यात गोळीबार झाला. डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले. आत दडलेल्या बंडखोरांशी चकमक झाली, असं सैन्याचं म्हणणं. वाचलेले कर्मचारी ते मानत नाहीत. दाजी तिथं नव्हते. पण ती दिवाळी जाफन्यातल्या सगळ्याच पलटणींची तशी गेली.

आपले अकराशेहून अधिक जवान तिकडं गेले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, त्यांना याच मोहिमेत मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आलेच नाहीत. श्रीलंकेतही कुणाला हे सैन्य नको होतं, इकडंही मिरवणूक नाही. कशासाठी गेलो आणि कशासाठी मेलो, याचं उत्तर ज्यांना कुणी दिलं नाही असे हे लोक आपापल्या गावी येऊन शेतीला लागले.

बावीस वर्षांनी, २००९ च्या मे महिन्यात श्रीलंकेतलं युद्ध संपलं. टीव्हीवर तामिळ लोकांचे लोंढे दाखवत होते, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. आक्का भाकरी थापत होती. दाजींनी टीव्ही बंद केला आणि चुलीपाशी येऊन पाटावर बसले. जेवण वाढायच्या आत सगळं सांगून टाकलं, तिच्याकडं न बघता.

एक घर होतं. ऑगस्टमध्ये त्या घरातल्या बाईनं यांच्या सेक्शनला शहाळी फोडून दिली होती. भाषा कळत नव्हती, पण आईच्या वयाची, हातानं ‘प्या, प्या’ म्हणायची. ऑक्टोबरमध्ये त्याच गल्लीतून यांच्यावर गोळीबार झाला. दोन सोबती पडले. हुकूम झाला, यांनी उत्तर दिलं. सगळं शांत झाल्यावर घरं तपासायला आत गेले. ती बाई दारातच पडलेली होती. आणि आत तुळईला साडीची झोळी बांधलेली. झोळी हलत होती.

‘‘मी आत बघितलं नाही,’’ दाजी म्हणाले. ‘‘मागून हाक आली, पुढं चला. मी चाललो. बघायला पायजे होतं.’’

बस्स, एवढंच. त्या झोळीत कोण होतं, जिवंत होतं का नव्हतं, त्यांना आजतागायत ठाऊक नाही. ज्या माणसाला स्वतःच्या पोटच्या पोरीच्या झोळीत डोकावता आलं नाही, त्याला घर वीस वर्षं ‘मुलगी नको होती’ म्हणत होतं.

मैत्रिणींनो, आपण ‘लढाईचा धसका’ म्हणतो ना, त्याहून हे वेगळं आहे. धसका म्हणजे भीती. फटाका वाजला की दचकणं, रात्री ओरडत उठणं. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी जवळ हवं असतं. पण आपल्या हातून, किंवा आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच नीतीला न पटणारं काही घडलं, तर ती जखम निराळी. असा माणूस जवळ येत नाही, लपतो. अमेरिकेत बोस्टनला जोनाथन शे नावाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करायचे. त्यांनी १९९४ साली एक पुस्तक लिहून या जखमेला नाव मिळवून दिलं, ‘मॉरल इंज्युरी’, म्हणजे नीतीला झालेली जखम. अधिकारावरच्या माणसांनी सैनिकाचा विश्वासघात केला की ती होते, हा त्यांचा भर. पुढं २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थ वाढवला. असं काही स्वतः करणं, होत असताना थांबवता न येणं, किंवा नुसतं बघावं लागणं, यातलं काहीही पुरेसं असतं. दाजींच्या एका ऑक्टोबरमध्ये तिन्ही आलं की!

आणि हीच जखम थेट नवरा-बायकोच्या मधे येऊन बसते. कशी ते बघा. भित्र्याला वाटतं, ‘जग वाईट आहे.’ याला वाटतं, ‘मी वाईट आहे.’ मग बायको प्रेमानं वागली की त्याला सुख होत नाही, टोचतं. आपण याला लायक नाही, हिला खरं कळलं तर ही तोंड बघणार नाही, असं त्याच्या मनात. म्हणून आक्का जितकी जवळ जायची तितके दाजी लांब जायचे. माझ्या हातांना लागलेलं हिला लागू नये, म्हणूनही हा माणूस हात लावत नाही. इकडं बायको काय समजते? मी आवडत नाही. दोघंही आपापल्या जागी स्वतःलाच दोष देत बसलेले, आणि मधे एक शब्द नाही.

अमेरिकेत याची मोजदाद झाली आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या जोडप्यांचा एक अभ्यास १९९८ साली छापून आला. ज्यांना युद्धाच्या आघाताचा आजार होता, त्यांच्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त जोडप्यांचा संसार गंभीर तणावात होता. ज्यांना आजार नव्हता त्यांच्यात हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास. त्यातही संसाराला सगळ्यात जास्त पोखरणारी गोष्ट होती मनाचं बधिर होणं. दचकणं, भीतीची स्वप्नं यांच्यापेक्षाही जास्त. माणूस घरात आहे, जेवतो आहे, पण आनंद नाही, माया दाखवता येत नाही.

आपल्याकडं हे नवीन आहे असंही नाही. महाभारत आठवा. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिर आनंदानं सिंहासनावर बसला का? शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच तो राज्य सोडून वनात जायला निघाला होता. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे युद्धानंतर कळलं, आणि ते कुंतीनं लपवलं म्हणून त्यानं तमाम स्त्रीजातीला शाप दिला, की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही! गंमत बघा, दुःख कशाचं आणि फटका कुणाला. ‘बायकांच्या पोटात काही राहत नाही’ हे आपण अजून ऐकतो. आणि इथं फौजींच्या बायका नवऱ्याची झोप, बाटली, अंगणातली बाज हे सगळं वर्षानुवर्षं पोटात ठेवून सणावारी हसतमुखानं वावरतात.

मग करायचं काय? आक्कानं त्या संध्याकाळी काय केलं ते सांगते. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि गप्प बसली. ‘‘तुमचा काय दोष, तुमची ड्युटीच होती,’’ हे तोंडावर आलं होतं, पण तिच्यानं बोलवेना. नंतर दाजी म्हणाले, ‘‘ते वाक्य मला सुभेदारसायबांनी सांगितलं, भावानं सांगितलं. तू सांगितलं असतंस तर मी उठून गेलो असतो.’’ मलाही आधी हे विचित्र वाटलं. पण विचार केल्यावर पटतं. ‘तुमचा दोष नाही’ असं पहिल्याच वाक्यात म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला ऐकायचंच नाहीये, झाकण लावायचंय. ज्याला अजून लाज वाटते त्याची नीती जिवंत आहे. ती खोटी ठरवून त्याचं ओझं कमी होत नाही. लिट्झ यांच्या उपचारात सैनिकाला मनातल्या मनात अशा एका माणसाशी बोलायला लावतात, ज्याचा शब्द तो मानतो आणि ज्याचा त्याच्यावर जीव आहे. त्याच्यासमोर सगळं कबूल करायचं, मग तो काय म्हणेल ते आपणच बोलायचं. दाजींना कुणी असं शिकवलं नव्हतं. त्यांनी आक्कालाच तिथं बसवलं.

पण बायकोनंच डॉक्टर व्हायचं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. नवरा बोलत नसेल तर खोदून खोदून विचारू नका. ‘किती मारले?’ हे तर मुलांनाही विचारू देऊ नका, गावची टगी पोरं विचारतात तेवढं पुरे आहे. जुने सोबती भेटत असतील, पलटणीच्या स्थापनादिनाला जायचं म्हणत असतील तर पैशाकडं न बघता जाऊ द्या. पुष्कळ जण तिथंच पहिल्यांदा बोलतात. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. लढाईचं दुःख हे मारहाणीला कारण होऊ शकत नाही. तो हात उगारत असेल तर ‘बिचारा, सोसलंय त्यानं’ म्हणून सोसू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फौजीच्या बायकोलाही तितकाच लागू आहे, आणि अडीअडचणीला ११२ नंबर आहे.

उपचार आहेत, आणि जोडीनं घ्यायचेही आहेत. कँडिस मॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवरा-बायकोला एकत्र बसवून करायच्या पंधरा बैठकांची पद्धत बसवली. ४० जोडप्यांवर तिची चाचणी घेतली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आजाराचा जोर कमी झाला, आणि आजारी जोडीदाराचं संसारातलं समाधानही वाढलं.

आक्काच्या घरी एका संध्याकाळीत सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सांगून झाल्यावर दोन महिने दाजी जास्तच प्यायले. आक्का चिडली, वीस वर्षांचा हिशेब मागितला, ‘‘माझी तरणी वर्षं कोण देणार?’’ म्हणून भांडली. मला तर तिचं ते भांडण फार बरोबर वाटलं. मग पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं जाणं सुरू झालं, गोळ्या सुरू झाल्या, रम हळूहळू सुटली, मधे एकदा पुन्हा लागली, पुन्हा सुटली. बाज अंगणातून सोप्यात आली, सोप्यातून खोलीत यायला आणखी वर्ष गेलं. मुलीला आक्कानंच सांगितलं, तिच्या लग्नाच्या आधी. ती काही बोलली नाही, पण बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा येतानाच लाकडी पाळणा घेऊन आली. दाजी पाळण्याजवळही गेले नाहीत. नातू चालायला लागला तेव्हा मात्र त्याला घेतला, आणि मग काही खाली ठेवीनात.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना २००३ पासून आहे. पेन्शनवाल्या फौजीबरोबर बायकोचंही कार्ड निघतं आणि मनाच्या आजाराला पॉलिक्लिनिकमधून पुढं पाठवतात. कागदपत्रं अडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ‘वेडा ठरवून पेन्शन बंद करतील’ ही भीती मी खूप घरांत ऐकली आहे. फोन केल्यानं किंवा डॉक्टरकडं गेल्यानं कुणाची पेन्शन बंद होत नाही. आणि फोन नवऱ्यानंच करायला हवा असंही नाही. तो करत नसेल तर तुम्ही स्वतःसाठी करा.